सोबतीचें ऋण

आपल्या मराठी भाषेंत आंधळ्यांविषयींच्या म्हणींस तोटा नाहीं. आंधळा दळतो आणि कुत्रें पीठ खातें. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. आंधळ्याच्या गाई देव राखतो. या म्हणी आपण शाळेंत पाठ करतों, वाक्यांत उपयोग करून गुण मिळवितों, आणि त्यांतल्या माणसाचा मात्र विचार करीत नाहीं. बारकाईनें पाहिलें तर एक गोष्ट ध्यानांत येईल. पहिल्या म्हणींतल्या आंधळ्यास लुबाडणारा आहे. दुसऱ्या व तिसऱ्या म्हणींतल्या आंधळ्यास तारणारा देव आहे. परंतु त्याच्याजवळ बसून "अरे बाबा, पीठ कुत्रें खात आहे" एवढें सांगणारा शेजारी एकाही म्हणींत नाहीं. व्यवहारांत असा शेजारी पुष्कळदां भेटतो. आम्हांस तर तो फार वेळां भेटला आहे. त्याच्याविषयीं, आणि त्यानें केलेल्या साह्याचें मोल कशांत असतें याविषयीं, चार शब्द लिहावे असा आमचा हेतु आहे.

विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांस आणि पालकांपैकीं कित्येकांस ठाऊकच आहे कीं, गेलीं नऊ वर्षें आम्हांस काचबिंदूचा विकार आहे. चष्म्याचा नंबर तपासून घेण्यास गेलों असतां तो उघडकीस आला. मोतीबिंदु आणि काचबिंदु या दोन नांवांची पुष्कळ लोक गल्लत करतात, म्हणून थोडा खुलासा करणें अवश्य आहे. मोतीबिंदूंत डोळ्यांतील भिंग धुरकट होतें. तें काढून नवें बसविलें म्हणजे बहुधा पूर्ववत् दिसूं लागतें. काचबिंदूची गोष्ट निराळी. डोळ्यांच्या आंत पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होत असतो व बारीक वाटांनीं बाहेर झिरपत असतो. या वाटा नीट वाहत नाहींशा झाल्या म्हणजे आंतला दाब वाढतो, आणि डोळ्यांतून मेंदूकडे जाणारा जो दृष्टितंतु, त्याचे धागे एक एक करून मरूं लागतात. कित्येकांत तर दाब फारसा न वाढतांही हा तंतु झिजतो. नेहमीं आढळणाऱ्या प्रकारांत डोळा दुखत नाहीं, लाल होत नाहीं, आणि समोरचें अक्षर स्वच्छ दिसत असतें. नाश कडेकडेनें चालू असतो. औषधाच्या थेंबांनीं किंवा शस्त्रक्रियेनें उरलेली दृष्टि राखतां येते. गेलेली दृष्टि परत येत नाहीं.

आज आम्हांस जग कसें दिसतें, हें ज्यास अनुभवावयाचें असेल त्यानें वेळूची एक बारीक पोकळ नळी डोळ्यास लावावी आणि घरांतून रस्त्यावर यावें. नळींतून समोरच्या दुकानाची पाटी वाचतां येईल, परंतु पायाशीं ठेवलेली बादली दिसणार नाहीं. मित्राचा चेहरा दिसेल, पण हस्तांदोलनासाठीं पुढें केलेला त्याचा हात दिसणार नाहीं. यामुळें लोकांचा मोठा घोंटाळा होतो. जो मनुष्य वर्तमानपत्रांतील ओळ वाचतो, तोच दाराच्या चौकटीवर आदळतो, हें त्यांस ढोंग वाटतें. एकदां एका कचेरींत आम्ही अर्ज स्वतः वाचून सही केली आणि परततांना बाकास अडखळलों, तेव्हां तेथील गृहस्थ हंसले. पूर्ण आंधळ्यास पाहून जग निदान बाजूस सरतें. अर्धवट दृष्टीच्या मनुष्यास मात्र प्रत्येक ठिकाणीं आपली साक्ष आपणच द्यावी लागते. अंधत्व हा दिवा मालविण्यासारखा प्रकार नसून संध्याकाळीं उजेड ओसरत जावा तसा तो प्रकार असतो, आणि त्या संध्याकाळच्या निरनिराळ्या घटकांत निरनिराळे लोक उभे आहेत, हें विद्यार्थ्यांनीं प्रथम समजून घ्यावें.

चार वर्षांपूर्वीं या संध्याकाळीनें आमच्या नोकरीचा दरवाजा ठोठावला. दिवेलागणीनंतर रस्ता दिसेना; वर्गांत दोन्ही कडांच्या बाकांवरील हात वर झालेले दिसेनात; उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यास पूर्वींच्या तिप्पट वेळ लागूं लागला. शिक्षकानें पोटासाठीं शिकवावें, पण मुलांच्या पदरीं अर्धें माप घालूं नये, असें आमचें मत पूर्वींपासून आहे. म्हणून आम्ही राजीनामा देण्याचा विचार मुख्याध्यापकांस बोलून दाखविला. त्यांनीं आमचें सांत्वन केलें नाहीं. त्यांनीं एक कोरा कागद पुढें केला आणि म्हणाले, "आपल्याला जीं कामें करतां येत नाहींत, त्यांची यादी करा." यादी झाली. तींत पांच कामें होतीं: संध्याकाळच्या खेळांवर देखरेख, परीक्षेच्या दालनांतील पहारा, सहलीची जबाबदारी, नकाशा दाखविणें आणि हजेरीपटाच्या बारीक चौकटी भरणें. इतर कामांस कांहीं युक्ति काढली असतां तीं होण्यासारखीं होतीं. दुसऱ्या दिवशीं शिक्षकांच्या खोलींत तीं पांच कामें पांच जणांनीं वांटून घेतलीं. आणि त्याच बैठकींत आमच्याकडे वक्तृत्वाची तयारी, तोंडी परीक्षा, पाठांतर व मागें पडलेल्या मुलांचा सकाळचा जादा वर्ग हीं चार कामें आलीं. म्हणजे ओझें काढून घेतलें आणि दुसरें ओझें दिलेंही. त्या बैठकींत आमच्यावर कोणी दया केली असें आम्हांस वाटलें नाहीं. आमची गरज आहे, असें वाटलें.

यानंतरच्या गोष्टी लहान लहान आहेत, पण त्या सांगितल्यावांचून राहवत नाहीं. शाळेच्या शिपायानें एके दिवशीं विचारलें, "गुरुजी, कोणत्या पायऱ्या फसवितात?" आम्हीं जिन्याच्या शेवटच्या दोन व प्रार्थनामंदिराची एक दाखविली. सोमवारीं येऊन पाहतों तों त्यांच्या कडांवर पिवळ्या रंगाचा रुंद पट्टा ओढलेला होता. तो पट्टा आमच्यासाठीं ओढला, पण पहिलीच्या मुलांचें पडणेंही त्यानें कमी झालें. नववीच्या वर्गानें आपण होऊन नियम केला कीं, हात वर करणाऱ्यानें आपलें नांव मोठ्यानें सांगावें. या नियमाचा एखाद्या खट्याळानें दुसऱ्याचें नांव सांगून लाभ घेतला असेल. तेवढा अधिकार नववीच्या वर्गास असावयासच हवा. आमचे एक सहाध्यायी मित्र दर रविवारीं दुपारीं दोन तास वाचून दाखवितात. मतभेदाचा भाग आला कीं ते वाचन थांबवून वाद घालतात, आणि डोळे गेले म्हणून एकाही मुद्द्यांत सवलत देत नाहींत. आमच्या पत्नीनें घरांतील कोणतीही वस्तु जागेवरून हलविल्यास तोंडानें सांगण्याचा नेम केला आहे. वाचकांस ही क्षुल्लक बाब वाटेल. परंतु ज्याच्या वाटेंत कोणी खुर्ची सरकवून ठेवली असेल त्याच्या नडगीस विचारावें.

या अनुभवांवरून साह्याविषयीं आमचें एक निश्चित मत झालें आहे, आणि तें येथें मांडतों. मदत आणि सोबत या दोन वस्तु एक नव्हेत. मदत करणारा पुष्कळदां वरून खालीं हात देतो. सोबत करणारा शेजारून चालतो. याचें प्रत्यक्ष उदाहरण रस्ता ओलांडतांना दिसतें. भल्या हेतूनें येऊन कोणी आमचा दंड घट्ट पकडतो आणि ढकलगाडी लोटावी तसें आम्हांस पुढें लोटतो. आपण कोठें जात आहों हें आम्हांस कळत नाहीं, आणि कित्येकदां तर आम्हांस रस्ता ओलांडावयाचाच नसतो. योग्य रीत याहून अगदीं सोपी आहे. प्रथम आपलें नांव सांगून विचारावें. होकार मिळाल्यास आपलें कोपर पुढें करावें. दृष्टिहीन मनुष्य तें कोपर हलकेंच धरतो आणि अर्ध्या पावलानें मागें चालतो. सोबत्याचें शरीर पायरीवर उतरलें किंवा वळलें कीं तें त्याच्या हातास आधीं कळतें. या रीतींत धरणारा हात त्याचा असतो, म्हणून सोडण्याची मुखत्यारीही त्याचीच राहते. साह्याचा सारा धर्म आम्हांस या एका कोपरांत दिसतो.

पहिलें लक्षण असें कीं, खरा सोबती विचारतो. शुभवर्तमानांत यरीहोच्या वाटेवर बसलेल्या बार्तीमय नांवाच्या आंधळ्या भिकाऱ्याची गोष्ट आहे. तो ओरडूं लागला तेव्हां लोकांनीं त्यास दटावून गप्प बसविण्याचा यत्न केला. प्रभूनें त्यास बोलावून घेतलें, आणि समोर आंधळा उभा आहे हें उघड दिसत असतांही, मी तुझ्यासाठीं काय करावें म्हणून विचारलें. हा प्रश्न आम्हीं लहानपणापासून अनेकदां ऐकला होता. त्यांतला मान आम्हांस अलीकडे कळला. ज्याची गरज आपणांस स्पष्ट दिसते असें वाटतें, त्यासही आपली गरज आपल्या तोंडानें सांगण्याचा अधिकार आहे. याच्या उलट प्रकार आम्हीं एका दवाखान्यांत पाहिला. आम्ही समोर बसलों असतां तेथील मनुष्य आमच्या पुतण्यास विचारूं लागला, "यांना थेंब दिवसांतून किती वेळां घालतां?" पुतण्या म्हणाला, "त्यांनाच विचारा, ते मराठीचे शिक्षक आहेत." त्या मुलाचें वय तेव्हां तेरा होतें.

दुसरें लक्षण असें कीं, तो खरें बोलतो. सदऱ्यावर डाग पडला असल्यास सांगतो. फळ्यावरील ओळ तिरकी गेली असल्यास सांगतो. "तुमचें सारें ठीक होईल" असें जें त्यास ठाऊक नाहीं तें सांगत नाहीं. आजाऱ्यास धीर देण्याच्या भरांत आपण किती खोटें बोलतों, याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. तिसरें लक्षण सर्वांत महत्त्वाचें: तो आपणही कांहीं घेतो. सांख्य तत्त्वज्ञांनीं अंधपंगुन्याय म्हणून एक दृष्टांत दिला आहे. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसतो. एक चालतो, दुसरा वाट दाखवितो, आणि दोघेही अरण्याबाहेर पडतात. या दृष्टांतांत उपकार करणारा कोण, हें सांगतां येणार नाहीं. ज्या मैत्रींत एकानें सदैव द्यावें आणि दुसऱ्यानें सदैव घ्यावें, ती हळूहळू धर्मादाय संस्था बनते.

इतिहासांत या मताला भरपूर आधार आहे. इंग्रजांचा महाकवि जॉन मिल्टन याची दृष्टि इ. स. १६५२ त, वयाच्या ४३ व्या वर्षीं, पूर्णपणें गेली. 'पॅरेडाइज लॉस्ट' हें त्याचें महाकाव्य त्यानें यानंतर दुसऱ्यांच्या हातानें लिहवून घेतलें, आणि तें १६६७ त प्रसिद्ध झालें. इ. स. १६६२ त टॉमस एलवुड नांवाचा क्वेकर पंथाचा एक तरुण त्याच्याकडे लॅटिन ग्रंथ वाचून दाखविण्यास येऊं लागला. एलवुडनें आत्मचरित्रांत नमूद केलें आहे कीं, वाचलेल्या वाक्याचा अर्थ आपणांस कळला नाहीं कीं मिल्टन तें नुसत्या आवाजावरून ओळखी, वाचन थांबवी, आणि कठीण भाग समजावून देई. वाचून दाखविणारा असा विद्यार्थी झाला आणि ऐकणारा गुरु झाला. पुढें १६६५ त लंडनमध्यें प्लेग उसळला, तेव्हां एलवुडनेंच चॅलफंट सेंट जाइल्स या गांवीं कवीसाठीं घर पाहून दिलें. तेथें मिल्टननें आपल्या महाकाव्याचें हस्तलिखित त्यास वाचावयास दिलें; आणि तें परत करतांना, गमावलेल्या स्वर्गाविषयीं आपण पुष्कळ सांगितलें, पण परत मिळालेल्या स्वर्गाचें काय, असें त्यानें सहज विचारलें. 'पॅरेडाइज रीगेन्ड' या दुसऱ्या काव्याचें बीज त्या प्रश्नांत होतें, असें कवीनें पुढें त्यास सांगितलें. इ. स. १६७१ त तें काव्य प्रसिद्ध झालें. वाचून दाखविणारा मित्र नुसते डोळे उसने देत नाहीं, याहून चांगला पुरावा कोठें शोधावा?

दुसरें उदाहरण लुई ब्रेलचें. फ्रान्समधील कूव्रे गांवीं इ. स. १८०९ त तो जन्मला. बाप घोड्याचें खोगीर व साज करणारा. त्याच्या दुकानांतील आर लागून तीन वर्षांच्या लुईच्या एका डोळ्यास इजा झाली, विकार दुसऱ्यांत गेला आणि दोन्ही डोळे गेले. दहाव्या वर्षीं तो पॅरिसच्या अंधशाळेंत आला. बार्बिए नांवाच्या एका लष्करी गृहस्थानें अंधारांत बोटांनीं वाचण्यासाठीं बारा टिंबांची एक लिपि काढली होती. ती एका स्पर्शांत मावत नसे. ब्रेलनें टिंबें सहावर आणलीं, आणि वयाच्या पंधराव्या वर्षीं, १८२४ त, आपली लिपि सिद्ध केली. १८२९ त ती छापून प्रसिद्ध झाली. पण शाळेच्या वरिष्ठांस ती फार दिवस रुचली नाहीं. मध्यंतरीं तिला बंदीही झाली. तेव्हां ती जिवंत कोणीं ठेविली? ब्रेलच्या विद्यार्थ्यांनीं व मित्रांनीं. ते चोरून एकमेकांस ती शिकवीत, पत्रें लिहीत, उतारे करून घेत. त्याच शाळेंत शिकलेला फूको नांवाचा त्याचा अंध मित्र यंत्रविद्येंत कुशल होता. त्यानें १८४० च्या सुमारास एक यंत्र बनविलें, त्याच्या योगानें अंधानें लिहिलेलें पत्र डोळसांसही वाचतां येऊं लागलें. ब्रेल १८५२ त मरण पावला, आणि फ्रान्सनें त्याच्या लिपीस अधिकृत मान्यता १८५४ त दिली. लिपि एकानें शोधली, पण मधलीं तीस वर्षें ती मैत्रीनें वाहून नेली. भारतांतील भाषांसाठीं याच सहा टिंबांवर आधारलेली 'भारती ब्रेल' ही एकच संहिता इ. स. १९५१ त ठरली, आणि आज मराठी मुलांचीं बोटें त्याच टिंबांवरून फिरतात.

आपल्या महाराष्ट्रांत विदर्भांतील गुलाबराव महाराजांस प्रज्ञाचक्षु म्हणत. इ. स. १८८१ त त्यांचा जन्म झाला; तान्हेपणींच त्यांचे डोळे गेले; १९१५ त, अवघ्या चौतीस वर्षांत, त्यांचें आयुष्य संपलें. तेवढ्यांत त्यांनीं शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ रचले. दुसऱ्यांनीं ग्रंथ वाचून दाखवावे आणि महाराजांनीं सांगितलेलें लिहून घ्यावें, असा तो क्रम होता. त्यांच्या विद्वत्तेविषयीं लोक आश्चर्य करतात, तें योग्यच आहे. रात्ररात्र दिव्याजवळ बसून मोठ्यानें वाचणाऱ्या त्या कंठांचेंही आश्चर्य करावें, असें आम्हांस वाटतें.

या मतावर दोन आक्षेप येतील, त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप तरुण वाचकांचा. ते म्हणतील, आतां मित्रांची गरज काय उरली? मोबाइल फोन छापील पान पाहून मोठ्यानें वाचतो, नोट किती रुपयांची तें सांगतो, रस्त्याचें वळण सांगतो. हें सर्व खरें आहे, आणि या यंत्रांचे आम्ही रोजचे आभारी आहों. हा लेखही आम्हीं अशाच यंत्राकडून परत वाचून घेतला. या यंत्रानें आम्हांस एक मोठें सुख दिलें तें असें कीं, खाजगी पत्र आतां खाजगी राहतें. परंतु यंत्र पानावरील सर्व शब्द सारख्याच आवाजांत वाचतें. मित्र वाचतां वाचतां हंसतो, एखाद्या ओळीपाशीं अडखळतो, "हें तुम्हांला आवडणार नाहीं" म्हणून आधींच सांगतो. यंत्रानें मित्राचा कष्टाचा भाग कमी केला, ही चांगली गोष्ट झाली. आतां तो केवळ वाचक म्हणून न येतां मित्र म्हणून येऊं शकतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो आम्हांस पटतो. मित्रांच्या चांगुलपणाची स्तुति करतां करतां समाज आपलें कर्तव्य विसरेल, असें कित्येक जाणते अंध गृहस्थ म्हणतात. आम्हांस चांगले मित्र लाभले, हा आमचा भाग्ययोग. पण ज्यास ते लाभले नाहींत त्यानें काय करावें? त्याच्या पायऱ्यांवर पट्टा कोणीं ओढावा? म्हणूनच हक्क आणि मैत्री यांच्या सीमा स्वच्छ असाव्या. आपल्या देशाच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयींच्या २०१६ च्या कायद्यानें परीक्षेंत जादा वेळ व लेखनिक, सार्वजनिक इमारतींत सुगम वाट, आणि सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा देण्याचें बंधन घातलें आहे. ग्रंथस्वामित्वाच्या कायद्यांत २०१२ त दुरुस्ति होऊन, दृष्टिहीनांसाठीं पुस्तकाचें ब्रेल किंवा श्राव्य रूप करण्यास मुभा मिळाली. आणि त्याच हेतूनें मराकेश येथें २०१३ त झालेल्या आंतरराष्ट्रीय करारास २०१४ त प्रथम मान्यता देणारें राष्ट्र भारतच होय. या गोष्टी उपकार नव्हेत, हें विद्यार्थ्यांनीं पक्कें ध्यानांत ठेवावें. जें हक्कानें मिळावयाचें तें मित्रांकडून मागावें लागलें, तर मैत्री थकते. आणि जें केवळ मैत्रीच देऊं शकते तें कायद्यानें मिळत नाहीं. अमृतसर येथें १८८७ त कुमारी ॲनी शार्प यांनीं आणि मुंबईंत १९०० सालीं कुमारी ॲना मिलर्ड यांनीं अंध मुलांसाठीं शाळा उघडल्या, तेव्हां ना असा कायदा होता ना अशीं यंत्रें. त्यांनीं स्नेहापासून आरंभ केला, पण तो स्नेह चार भिंतींत न ठेवतां शाळा, उद्योग अशा टिकाऊ रूपांत घातला. स्नेहानें वाट पाडावी आणि समाजानें ती बांधून काढावी, हाच योग्य क्रम होय.

आतां विद्यार्थ्यांस थोडें सांगावयाचें आहे. तुमच्या वर्गांत एखादा मुलगा पुस्तक नाकाशीं धरून वाचत असेल, संध्याकाळच्या खेळांत चेंडू त्यास दिसत नसेल, जाड भिंगाचा चष्मा लावीत असेल, तर त्यास टोपणनांव देऊं नका. त्याच्याजवळ जातांना आपलें नांव सांगा. निघून जातांना 'जातों' म्हणून सांगा, कारण रिकाम्या जागेशीं बोलत राहण्याइतकें लाजिरवाणें दुसरें कांहीं नाहीं. पांढरी काठी हें त्याचें बोट आहे. ती विचारल्यावांचून हातांत घेऊं नका. खेळांत त्यास गुण मोजावयास बसवूं नका. तो खेळूं शकेल असा खेळ काढा. पुढें कधीं परीक्षेंत कोणाचे लेखनिक झालांत, तर तो सांगेल तेंच लिहा; त्याचें चुकलेलें उत्तर सुधारण्याचा मोह आवरा, कारण चूक करण्याचा हक्कही त्याचाच आहे.

पालकांस विनंति एवढीच कीं, चाळीशीनंतर डोळे तपासतांना केवळ चष्म्याचा नंबर काढून घेऊन परतूं नये. डोळ्यांतील दाब आणि दृष्टितंतु हीं दोन्ही पाहून घ्यावीं. घराण्यांत कोणास काचबिंदु असल्यास तर हें अवश्य करावें, कारण हा विकार रक्ताच्या नात्यांत पुष्कळदां आढळतो. आणि घरांत एखादें मूल कमी दृष्टीचें असेल, तर त्यास पाहुण्यांपासून लपवूं नये. त्याचे डोळे आपण होऊं नये. त्याचे मित्र वाढूं द्यावे. आईबापांचा हात जन्मभर पुरत नाहीं.

कृतज्ञता या शब्दाचा अर्थ केलेलें जाणणें. आमच्या मित्रांनीं केलेलें आम्ही जाणतों, आणि तें फेडावयाचें ऋण आहे असें न मानतां पुढें चालवावयाचें ऋण आहे असें मानतों. सकाळच्या जादा वर्गांतील जीं मुलें वाचनांत अडखळतात, त्यांच्याजवळ बसून आम्ही ऐकतों; त्यांच्या आवाजावरून त्यांस कोठें कळलें नाहीं हें आतां आम्हांस पूर्वींपेक्षां लवकर समजतें. उरलेली दृष्टि किती वर्षें राहील, हें परमेश्वरास ठाऊक. ती असेपर्यंत उत्तरपत्रिका तपासूं. ती गेल्यावर उत्तरें ऐकूं. शिक्षकांच्या खोलींतील ज्या पांच जणांनीं तीं पांच कामें घेतलीं, ज्या शिपायानें ब्रश उचलला, ज्या मित्राचा रविवार आमच्याकडे जातो, आणि ज्या वर्गानें आपलीं नांवें आम्हांस रोज मोठ्यानें सांगितलीं, त्या सर्वांचे या वार्षिकाच्या पानांतून मनःपूर्वक आभार मानतों.